जर्मनीतल्या जुन्या घरांची नक्षीदार फरशी: हाताने रंगवलेली?

'१९व्या शतकातल्या जर्मन घरांच्या जिन्यांतली नक्षीदार सिमेंटची फरशी हाताने रंगवून भट्टीत भाजलेली असे' हा समज बराच जुना आहे. तो होणं साहजिकच, कारण मेटलाख या जर्मन गावात बनणाऱ्या मातीच्या फरशा खरोखर भाजलेल्या असत आणि दिसायलाही अगदी जवळच्या.

सिमेंटची लादी मात्र भट्टीत जातच नाही. साच्यात धातूच्या पट्ट्यांची नक्षी ठेवतात, एकेका कप्प्यात रंगीत सिमेंटचा पातळ घोल ओततात, पट्ट्या अलगद उचलतात. वर कोरडं सिमेंट-वाळू, मग प्रेसचा दाब. लादी उलटी केली की रंगाची बाजू वर येते. पुढे पाण्यावर मुरवणं. कुंचला कुठेच नाही!

सुटलेला तुकडा मिळाला तर कड बघा: वर काही मिलीमीटर रंग, खाली करडं, खरबरीत सिमेंट. कडेवर पाण्याचा थेंब टाका. सिमेंट तो पिऊन टाकतं; मेटलाखच्या घट्ट फरशीवर तो तसाच राहतो.