थर वाढत गेले, वय खाली आलं : गोविंदांवरच्या नियमांची पार्श्वभूमी

श्रावण लागला की मुंबईत हा वाद ठरलेला. दहीहंडीत थर लावणाऱ्या गोविंदांवर बंधनं हवीत की नकोत? कुणी परंपरेचा दाखला देतं, कुणी पालिका रुग्णालयांत दाखल झालेल्या जखमींचे आकडे वाचून दाखवतं. आजकालच्या पोरांना नियम नकोच असतात, हे तर दोन्ही बाजू धरून चालतात. गेल्या दहा-बारा वर्षांचा क्रम नीट पाहिला तर ते पटत नाही. नियम कुणी केले, कुणी सैल केले आणि त्यात मधल्या मधे कोण अडकलं, हे त्यासाठी बघायला हवं.

जुन्या काळाबद्दल फार सांगायला नको. गिरणगावात समोरासमोरच्या दोन चाळींमध्ये दोर बांधायचा, तिसऱ्या-चौथ्या थराला हंडी हाताला लागायची आणि बक्षीस म्हणजे नारळ, थोडीफार रोख रक्कम. खालच्या थरात कोण उभं राहणार हे चाळीतली वडीलधारी मंडळी ठरवत. 1982 च्या संपानंतर गिरण्या गेल्या, हळूहळू चाळीही कमी झाल्या. गोविंदांची पथकं मात्र टिकली आणि उपनगरांत वाढली.

पथकातली शिस्त जवळून पाहिल्याशिवाय पुढचं कळत नाही. गुरुपौर्णिमेला नारळ फोडून सराव सुरू होतो, तो गोपाळकाल्यापर्यंत सव्वा महिना. कामावरून सुटलेली पोरं रात्री मैदानात जमतात. प्रत्येकाची जागा ठरलेली असते. पायातल्यांनी, म्हणजे सगळ्यात खालच्या थरातल्यांनी, मान खाली, हनुवटी छातीला आणि हात शेजाऱ्याच्या खांद्यात घट्ट अडकवायचे. वर काय चाललंय ते बघायला मान उचलली की खांदा हलतो आणि त्याचा हिसका सातव्या थरापर्यंत जातो. शिट्टी झाल्याशिवाय कुणी चढत नाही. सलामी दिली की सगळ्यात वरचा आधी उतरतो, मग त्याच्या खालचा, आणि पाया शेवटपर्यंत हलत नाही. सरावाला दांड्या मारणाऱ्याची जागा दुसऱ्याला जाते, मग तो कितीही ताकदीचा असो. विशीतली दीड-दोनशे पोरं हे पगाराशिवाय, कुणी दमदाटी न करता पाळतात. नियम कशासाठी आहे हे खांद्यावरच्या वजनातून कळत असेल, तर तरुण तो मनापासून पाळतात, याचा यापेक्षा चांगला पुरावा मला माहीत नाही.

बिघडलं ते बाहेरून. राजकीय आयोजक उतरले, हंडी चाळीच्या दोरावरून क्रेनवर गेली आणि बक्षिसं लाखांत पोचली. बक्षीस थरांवर ठरायला लागलं, तसे थर वाढले. 2012 मध्ये जोगेश्वरीच्या एका पथकाने ठाण्यात नऊ थर लावले. उंची जवळजवळ 44 फूट, जागतिक विक्रम.

प्रकरण न्यायालयात गेल्यावर ऑगस्ट 2014 मध्ये उच्च न्यायालयाने दोन मर्यादा घातल्या: उंची 20 फुटांपेक्षा जास्त नको आणि 18 वर्षांखालचं कुणी थरात नको. सणाच्या तोंडावर सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. पुढच्या वर्षी सरकारने दहीहंडीला साहसी खेळ ठरवलं. 2016 च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने 20 फूट आणि 18 वर्षं हीच अट कायम ठेवली. त्या वर्षी काळे झेंडे दिसले, दादरला पोरांनी रस्त्यावर आडवं झोपून थर रचले. मग ऑगस्ट 2017 मध्ये उच्च न्यायालयाने सांगितलं की उंची किंवा वय ठरवणं हे कायदेमंडळाचं काम आहे. उंचीची अट गेली. 14 वर्षांखालच्या मुलांना भाग घेऊ देणार नाही, हे सरकारचं म्हणणं नोंदवून घेतलं गेलं.

सगळी मेख इथे आहे. चर्चेत उंची आणि वय हे दोन वेगळे मुद्दे मानले गेले. प्रत्यक्षात ते एकच आहेत. 20 फुटांत साधारण चार थर बसतात आणि चौथ्या थरावर मोठा माणूसही उभा राहू शकतो. नवव्या थरावर त्याचं वजन खालच्यांना पेलत नाही, तिथे हलका जीव लागतो. चौदा वर्षांचा मुलगा चाळीस किलोच्या आसपास किंवा पुढेच असतो. त्यामुळे उंची मोकळी सोडली की वयाची अट कागदावर उरते आणि वर सात-आठ वर्षांचा बालगोविंदा दिसतो. शिवाय 14 हा आकडा बालकामगार कायद्यातून आला. त्याच कायद्यात 14 ते 18 वयाच्या मुलांना धोकादायक कामांवर मनाई आहे, ते मात्र कुणी लावून धरलं नाही. माझ्या मते 2014 चा निर्णय कठोर असला तरी सुसंगत होता. 2017 नंतरची व्यवस्था सगळ्यांना खूश ठेवणारी आहे, आणि तिची किंमत सगळ्यात लहान मुलगा मोजतो.

त्यानंतर नियमांपेक्षा सवलतीच जास्त आल्या. 2022 मध्ये विमा, मृत्यू झाल्यास 10 लाखांची मदत आणि नोकरीत खेळाडूंच्या राखीव जागांत वाटा जाहीर झाला. 2023 पासून बंदिस्त स्टेडियममध्ये स्पर्धाही होऊ लागल्या. विमा हवाच, पण तो पडल्यानंतर उपयोगी पडतो.

2025 मध्ये ठाण्यात दहा थर लागले. त्याच्या थोडेच दिवस आधी मुंबईच्या उपनगरात सरावाच्या वेळी 11 वर्षांचा मुलगा वरच्या थरावरून पडून मरण पावला आणि पथकाच्या प्रमुखावर गुन्हा नोंदवला गेला. बंदोबस्त, कॅमेरे, रुग्णवाहिका हे सगळं हंडीच्या दिवशी असतं. सराव मात्र महिनाभर गल्लीतल्या मैदानात, रात्रीच्या वेळी चालतो आणि तिथे वय विचारायला पोलीसही नसतात, आयोजकही. विम्यासाठी पथकाला गोविंदांची नावं आणि वयं तशीही द्यावी लागतात. ती यादी गुरुपौर्णिमेलाच मागून घेतली आणि मैदानात जाऊन एकदा पडताळली, तर त्यासाठी वेगळा कायदा करावा लागणार नाही.