कॉमन ॲपचा ६५० शब्दांचा निबंध: पात्रता, कागदपत्रं आणि लिहायचं काय

बारावीनंतर पदवीसाठी अमेरिकेला जायचं तर बऱ्याच कॉलेजांचा अर्ज कॉमन ॲप या एकाच संकेतस्थळावरून भरता येतो. एका खात्यातून २० कॉलेजांपर्यंत. नवीन वर्षाचा अर्ज १ ऑगस्टला उघडतो. लवकर निकाल हवा असेल तर मुदत बहुधा नोव्हेंबरच्या सुरुवातीला, नाहीतर जानेवारीच्या आसपास. नेमकी तारीख त्या त्या कॉलेजची पाहायची. एमआयटी (पुण्याची नव्हे, अमेरिकेतली) आणि यूसी म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाची विद्यापीठं यात नाहीत. यूसीला मोठा निबंध नसतो, आठपैकी चार प्रश्नांची प्रत्येकी ३५० शब्दांत उत्तरं द्यायची असतात.

शाखा कोणतीही चालते, बारावी सुरू असली तरी चालते. सॅट ही प्रवेशासाठीची परीक्षा काही ठिकाणी सक्तीची, बऱ्याच ठिकाणी ऐच्छिक.

कागदपत्रांत नववी ते बारावीचे गुण, बहुतेक ठिकाणी एक-दोन शिक्षकांची शिफारसपत्रं, इंग्रजीची परीक्षा (टोफेल, आयेल्ट्स किंवा कॉलेजला चालत असेल ती) आणि काउन्सेलरचा, म्हणजे शाळेतल्या मार्गदर्शकाचा अहवाल. आपली मुलं अडतात ती इथेच. नववी-दहावी शाळेत, अकरावी-बारावी ज्युनिअर कॉलेजात, आणि काउन्सेलर दोन्हीकडे नाही. प्राचार्य किंवा उपप्राचार्यांना विनंती करा. त्यांना आणि शिक्षकांना ईमेलवर लिंक जाते, अहवाल प्राचार्यांनी आणि शिफारसपत्रं शिक्षकांनी स्वतःच चढवायची असतात. दिवाळीच्या सुट्टीआधी हे उरकून घ्या. बोर्डाचा निकाल उन्हाळ्यात लागतो, त्यामुळे बारावीचे अंदाजे गुणही बहुधा प्राचार्यांनाच द्यावे लागतात. गुणपत्रिका मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर लागतं.

आता निबंध. किमान २५०, कमाल ६५० शब्द. विषय सात, त्यातला सातवा ‘तुमच्या आवडीचा कोणताही’. विषय कुठला निवडला याने फारसं बिघडत नाही.

बिघडतं ते दहावीच्या निबंधाच्या सवयीने. सुरुवातीला सुविचार, मध्ये कष्टाचं महत्त्व, शेवटी ‘मला देशाची सेवा करायची आहे’. यातलं नाव खोडून शेजारच्या मुलाचं घातलं तरी निबंध तसाच राहतो. गुण, स्पर्धा, प्रमाणपत्रं यांना अर्जात वेगळी जागा आहे (दहा उपक्रम, पाच सन्मान). ती यादी निबंधात पुन्हा वाचायला कोणालाच नको असते.

समजा, घरची पिठाची गिरणी आहे. ‘वडिलांचे कष्ट पाहून मी घडले’ हे वाक्य कोणीही लिहील. पण संध्याकाळी डब्यांची रांग लागलेली असताना दळणाचा क्रम तुम्ही लावत असाल, उपवासाचं दळण गिरणी साफ करून आधी घ्यायचं, मग रांगेत पहिल्या आलेल्या काकूंना काय सांगायचं, आणि एकदा चुकून कोणाच्या राजगिऱ्यात गव्हाचं पीठ गेलं तेव्हा काय केलंत, हे लिहा. त्यातून तुमचं डोकं कसं चालतं ते दिसतं. निबंध मागतात तो त्यासाठीच. दुःखच सांगायला हवं असंही नाही. आजीचं आजारपण निबंधासाठी वापरताना हात अडखळत असेल तर सोडून द्या.

माझा सल्ला: पहिला कच्चा मसुदा मराठीत लिहा, नाहीतर मैत्रिणीला बोलून दाखवा आणि रेकॉर्ड करा. इंग्रजीत थेट बसलं की जड शब्द आपोआप येतात. मग इंग्रजीत उतरवा. इंग्रजीच्या बाईंनी व्याकरण बघावं, वाक्यं बदलू नयेत. एआयने लिहिलेला मजकूर स्वतःचा म्हणून देणं कॉमन ॲपच्या नियमांत फसवणुकीत मोडतं, आणि अर्ज पाठवताना ‘हे माझंच आहे’ अशी सही करावी लागते. पैसे घेऊन निबंध लिहून देणाऱ्यांनाही लांबूनच नमस्कार.

मजकूर चिकटवल्यावर परिच्छेद आणि अवतरणचिन्हं कधी कधी विस्कटतात. पाठवण्याआधी पीडीएफ उघडून अख्खं वाचा. एका कॉलेजला गेलेला निबंध मागे घेता येत नाही, पण पुढच्या कॉलेजसाठी तो बदलता येतो. म्हणून सगळ्यांत आवडत्या कॉलेजचा अर्ज पहिल्याच दिवशी पाठवू नका.