'गोल्ड डिगर्स ऑफ ब्रॉडवे' : आवाज सगळा, चित्र दोन रिळांपुरते

1929च्या ऑगस्टअखेरीस झळकलेला हॉलिवूडचा हा रंगीत संगीत-विनोदी बोलपट दहा रिळांचा होता. त्याचा आवाज वेगळ्या तबकड्यांवर होता; त्या टिकल्या, त्यामुळे संवाद आणि गाणी आजही ऐकता येतात. चित्र मात्र शेवटच्या दोन रिळांतले बरेचसे, इतकेच उरले आहे, आणि त्यातलाही अगदी शेवटचा भाग गायब आहे. मूळ नाटक 1919चे, त्यावरचा मूकपट 1923चा; त्यांच्याशी इथे फारसे कर्तव्य नाही.

या काळातल्या रंगाला सर्रास 'टू-स्ट्रिप टेक्निकलर' म्हटले जाते. हा शब्द चुकीचा आहे, आणि या चुकीमागे मुद्द्याची गोष्ट झाकली जाते. 1932पासूनच्या नव्या कॅमेऱ्यात खरोखरच तीन निगेटिव्ह एकाच वेळी धावत. त्या 'थ्री-स्ट्रिप'वरून उलटा हिशेब लावून 'टू-स्ट्रिप' रूढ झाला. 1929च्या कॅमेऱ्यात निगेटिव्ह एकच, तीही कृष्णधवल. भिंगामागचा लोलक प्रकाश दुभागायचा. एक वाटा लाल फिल्टरमधून जाई, दुसरा हिरव्यातून. दोन्ही प्रतिमा शेजारशेजारच्या फ्रेमवर एकदम उमटत, त्यातली एक उलटी. म्हणून फिल्म दर वेळी दोन फ्रेम सरके आणि दुप्पट लागे. छापताना एकाआड एक फ्रेम उचलून जिलेटिनचे दोन साचे करत. लाल नोंदीचा (लाल फिल्टरमधून आलेल्या प्रतिमेचा) साचा निळसर हिरव्या रंगात, हिरव्या नोंदीचा नारिंगी लाल रंगात भिजवायचा आणि दोन्ही एकाच कोऱ्या फिल्मवर पाठोपाठ दाबायचे. शुद्ध निळा किंवा जांभळा यातून निघत नसे. दोन पट्ट्या असल्याच तर त्या आधीच्या पद्धतीत: दोन पातळ प्रिंट पाठीला पाठ लावून चिकटवलेल्या, ज्या प्रोजेक्टरच्या उष्णतेने वाकत आणि फोकस जाई. किंवा मग 'बायपॅक'मध्ये, जिथे दोन फिल्म तोंडाला तोंड लावून कॅमेऱ्यात धावत. आपल्या 'सैरंध्री' या चित्रपटाचे (1933) नाव याच बायपॅकशी जोडले जाते.

एकाआड एक उलटी फ्रेम असलेली निगेटिव्ह साध्या प्रिंटरवर चढवली तर हाती काहीच लागत नाही. त्यामुळे ती रंग छापणाऱ्या टेक्निकलर कंपनीच्याच कोठारात पडून राही. 1940च्या दशकाच्या अखेरीस कंपनीने जुन्या दोन-रंगी निगेटिव्ह मोडीत काढायचे ठरवले. स्टुडिओंनाही त्यांत रस उरला नव्हता; या कथेची कृष्णधवल नवी आवृत्ती तर 1933मध्येच येऊन गेली होती. त्या काळची नायट्रेट फिल्म कुजते, चिकट होते, शेवटी तपकिरी भुकटी होते, हे खरे. पण सगळे खापर नायट्रेटवर फोडणे सोयीचे आहे. याच पद्धतीच्या 'किंग ऑफ जॅझ'ची (1930) निगेटिव्ह, कापलेल्या रूपात का होईना, टिकली आणि 2016च्या पुनरुज्जीवनाला उपयोगी पडली. 'ऑन विथ द शो!'ची (1929) एकाच रंगनोंदीवरून कृष्णधवल प्रत निघाली, म्हणून तो निदान पाहता तरी येतो. इथे तेवढेही झाले नाही.

तबकड्या वाचल्या, कारण आवाज फिल्मवर नव्हताच. 16 इंची तबकडी, मिनिटाला 33⅓ फेरे, सुई आतून बाहेर जाणारी. एका रिळाला एक. 1000 फुटांचे रीळ सेकंदाला 24 फ्रेमच्या वेगाने सुमारे 11 मिनिटे चाले. सुरुवातीची खूण केलेली फ्रेम आणि तबकडीवरचा बाण जुळवून दोन्ही एकदम सुरू करायचे. फिल्म तुटली की जितक्या फ्रेम गेल्या तितक्याच काळ्या फ्रेम जोडाव्या लागत, नाहीतर 24 फ्रेम गळताच ओठ आणि आवाज यांत पूर्ण सेकंदाची फारकत.

1980च्या दशकात इंग्लंडमध्ये आणि 1990च्या दशकात ऑस्ट्रेलियात मिळालेली रिळे जोडतानाही हिशेब हाच. तबकडी अखंड असल्याने चित्र कुठे आणि किती गळले ते अचूक मोजता येते. रंगाची अडचण कमी, कारण साच्याने दाबलेले हे रंग सहसा उडत नाहीत. नायट्रेट आकसून फिल्मच्या कडेच्या भोकांचे अंतर बदलते, ते जास्त त्रासाचे.

छोटे तुकडे मिळतात ते भलतीकडेच. 'ऑन विथ द शो!'चा सुमारे 20 सेकंदांचा रंगीत तुकडा 2005मध्ये एका खेळण्यातल्या प्रोजेक्टरसोबत सापडला. तबकडीवाल्या बोलपटाच्या फिल्मवर ध्वनिपट्टी नसते, त्यामुळे असा तुकडा मूकपटाचा समजून बाजूला टाकला जाऊ शकतो.