शालेय सहलीचे जोखीम-मूल्यमापन

सहलीत कोणता अपघात कुठे, कोणाला आणि कशामुळे होऊ शकेल हे निघण्यापूर्वी ताडून तो टाळण्याची लेखी तजवीज करणे म्हणजे जोखीम-मूल्यमापन. धोका आणि जोखीम हे शब्द येथे वेगळ्या अर्थाने येतात. गडाची शेवाळलेली पायरी हा धोका. पावसात चाळीस मुले रेटारेटी करत तिच्यावरून उतरणार ही जोखीम.

सुरुवात पूर्वपाहणीने होते. सोबत जाणाऱ्या शिक्षकांनीच ती करावी, तीही त्याच ऋतूत आणि दिवसाच्या त्याच वेळी. मे महिन्यात कोरडा दिसलेला ओढा जुलैत ओलांडता येत नाही. कोकणच्या किनाऱ्यावर तर वेळ हीच मुख्य गोष्ट. भरती रोज सुमारे 50 मिनिटे पुढे सरकते, म्हणजे सोमवारी पाहिलेली वेळ शनिवारपर्यंत चार तासांनी बदललेली असते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते (चतुर्थीला साधारण 3 वाजता), हा जुना हिशेब अंदाजापुरता ठीक आहे. मुलांना पाण्यात सोडायचे तर छापील वेळापत्रकच पाहावे आणि स्थानिक कोळ्यांना विचारावे. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाण्याला ओढ जास्त असते. ओहोटी लागली की पायाखालची वाळू सरकते आणि गुडघाभर पाण्यातले मूलही आत खेचले जाते. मुरूडच्या किनाऱ्यावर 1 फेब्रुवारी 2016 रोजी सहलीला आलेले 14 विद्यार्थी बुडाले.

नंतर प्रत्येक जोखमीला शक्यता आणि गंभीरता यांचे 1 ते 5 गुण देऊन गुणाकार करतात. येथे एक फसगत होते. ठेच लागण्याची शक्यता 5, गंभीरता 1. बुडण्याची शक्यता 1, गंभीरता 5. गुणाकार दोन्हीकडे 5. म्हणून जीव जाऊ शकेल अशी प्रत्येक नोंद गुण न पाहता वेगळी काढावी आणि पक्का उपाय नसेल तर तो कार्यक्रमच रद्द करावा. वडोदऱ्याच्या हरणी तलावात 18 जानेवारी 2024 रोजी नाव उलटून 12 विद्यार्थी आणि 2 शिक्षिका दगावल्या. नावेत क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती आणि अनेकांच्या अंगात जीवरक्षक जॅकेट नव्हते. या दोन्ही गोष्टी चढण्यापूर्वी धक्क्यावर उभ्या उभ्या तपासता येतात.

गडांवर आग्या मोहोळ कुठे आहे ते पाहणीतच नोंदवावे. त्याच्या आसपास धूर, अत्तर आणि आरडाओरडा नको.

हजेरी नुसती डोकी मोजून होत नाही. दुसऱ्या शाळेचे मूल रांगेत शिरले तरी आकडा जुळतो. नावे पुकारावीत, तीही बस सुटण्यापूर्वी, सगळे बसल्यावर. संमतीपत्रात पालकांनी लिहिलेला दमा किंवा ॲलर्जी हमखास कार्यालयाच्या कपाटात राहते. त्या मुलांची यादी आणि औषधे गटप्रमुखाच्या खिशात हवीत. गड चढताना परत फिरण्याची वेळ आधीच ठरवावी, सर्वांत हळू चालणाऱ्या मुलाच्या वेगाने. त्या वेळी माथा दहा मिनिटांवर असला तरी उतरायला लागावे.