विमानचित्रकलेतील युद्धकालीन वाहतूक विमाने

युद्धात सैनिक, दारूगोळा, अन्न आणि जखमी यांची ने-आण करणाऱ्या विमानांचे चित्रण हा विमानचित्रकलेचा एक लहान, काहीसा मागे पडलेला विभाग आहे. विमान हाच जिचा नायक अशी वास्तवदर्शी चित्रकला म्हणजे विमानचित्रकला. नायक म्हटला की चित्रकाराचे मन आधी लढाऊ विमानाकडे धावते, मग बॉम्बरकडे. वाहतूक विमानाचा नंबर शेवटी लागतो. त्याच्यावर तोफ नसते, ते कुणाचा पाठलाग करत नाही आणि त्याच्या वैमानिकाच्या नावापुढे पाडलेल्या विमानांचा आकडा लिहिता येत नाही. त्यातल्या त्यात चित्रकारांनी मनावर घेतलेले विमान म्हणजे डग्लस कंपनीचे सी-४७. ब्रिटिश व भारतीय हवाई दलांत ते ‘डकोटा’ या नावाने ओळखले गेले. अमेरिकी वैमानिक लाडाने ‘गूनी बर्ड’ म्हणत. या नोंदीतही मुख्यतः त्याचाच विचार केला आहे.

पार्श्वभूमी

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने केनेथ क्लार्क यांच्या पुढाकाराने १९३९ मध्ये युद्धचित्रकारांसाठी सरकारी समिती नेमली. तिच्यासाठी काम करणाऱ्यांत पॉल नॅशसारखे मोठे चित्रकार होते. पडलेल्या जर्मन विमानांच्या ढिगाऱ्यात नॅशला गोठलेला समुद्र दिसला. पण तो विमानांकडे कवीच्या नजरेने पाहणारा माणूस. आज ज्याला विमानचित्रकला म्हणतात तिचे वळण वेगळे, फ्रँक वूटनसारख्या चित्रकारांनी घडवलेले. नॉर्मंडीत फालेजजवळ जर्मन रणगाड्यांवर रॉकेट सोडणारी टायफून विमाने हे त्याचे गाजलेले चित्र. विमानाचा प्रत्येक खिळा बरोबर हवा आणि आकाशही खरे हवे, असा या पंथाचा आग्रह. १९७१ मध्ये ब्रिटनमध्ये ‘गिल्ड ऑफ एव्हिएशन आर्टिस्ट्स’ ही संस्था स्थापन झाली आणि तिचे संस्थापक-अध्यक्षपद वूटनकडेच गेले. अमेरिकेत कीथ फेरिसने १९७६ मध्ये वॉशिंग्टनच्या विमान-अवकाश संग्रहालयात एक आख्खी भिंत रंगवली. ती भिंतही बी-१७ बॉम्बरच्याच वाट्याला गेली.

पुढे या कलेला बाजार मिळाला तो छापील प्रतींचा. मोजक्या प्रती काढायच्या आणि खाली पेन्सिलीने चित्रकाराबरोबर त्या मोहिमेत उडालेल्या वैमानिकांच्या सह्या घ्यायच्या, अशी ती पद्धत. लढाऊ विमानाच्या चित्राखाली एखाद्या नामांकित वैमानिकाची सही पुरते. डकोटाच्या चित्राखाली मात्र चालकापेक्षा उतारूंच्या, म्हणजे त्यातून उड्या मारलेल्या छत्रीधारी सैनिकांच्या सह्यांना अधिक भाव. एसटीच्या चित्राखाली प्रवाशांनी सह्या कराव्यात तसा हा प्रकार.

विमानाचे महत्त्व ओळखणारे ओळखत होतेच. युद्ध जिंकून देणाऱ्या साधनांत युरोपातील दोस्त फौजांचे सरसेनापती आयझेनहॉवर यांनी बुलडोझर, जीप आणि अडीच टनी ट्रक यांच्या पंगतीला सी-४७ बसवले. या चौघांपैकी एकही मुळात लढण्यासाठी बनवलेले नव्हते.

डाव्या बाजूचे विमान

डकोटाची चित्रे एकापुढे एक ठेवली तर एक गोष्ट ध्यानात येते. बहुतेक चित्रांत विमान डाव्या अंगाने दिसते. कारण साधे आहे: माल चढवण्याचे रुंद दुपाखी दार डाव्या बाजूला, पंखाच्या मागे आहे. सैनिक उडी घेतात ते तिथून, शिध्याच्या टोपल्या ढकलल्या जातात त्या तिथून आणि जखमींचे स्ट्रेचर आत जातात तेही तिथूनच. लढाऊ विमानाच्या चित्रात सगळी गोष्ट नाकाच्या दिशेने घडते. वाहतूक विमानाच्या चित्रात ती दारात घडते. दार नीट न दाखवणारे चित्र कितीही सफाईदार असले तरी नुसते विमानाचे चित्र राहते.

विमान रंगवायला सोपे वाटते, पण तसे नाही. पंखांचा विस्तार सुमारे २९ मीटर, लांबी त्याच्या दोन तृतीयांश. पंखांची पुढची कड मागे झुकलेली आणि मागची कड जवळजवळ सरळ. हे प्रमाण थोडे चुकले की डकोटाचे भलतेच विमान होते. जमिनीवर ते शेपटीच्या चाकावर बसते, त्यामुळे नाक वर आणि आतली जमीन उतरती. माल चढवणाऱ्यांना पेट्या चढावर ढकलाव्या लागत. चांगला चित्रकार धावपट्टीवरच्या दृश्यात ते कष्ट हमालांच्या पाठीच्या बाकातून दाखवतो.

रंगाचेही तसेच. नॉर्मंडीच्या आक्रमणाआधी दोस्तांच्या विमानांवर ओळखीसाठी तीन पांढरे आणि दोन काळे असे पाच पट्टे ओढण्यात आले. आपल्याच जहाजांनी आपली विमाने पाडू नयेत म्हणून ही काळजी. हुकूम शेवटच्या दिवसांत आला, विमाने शेकडो, म्हणून जमिनीवरच्या माणसांनी हाताला लागेल त्या ब्रशांनी, प्रसंगी झाडूंनी ते पट्टे फासले. खऱ्या पट्ट्यांच्या कडा वाकड्यातिकड्या होत्या, कुठे ओघळ होते, कुठे खालचा हिरवा रंग डोकावत होता. चित्रात पट्टीने आखल्यासारखे पट्टे दिसले की समजावे, चित्रकाराने संग्रहालयातले नव्याने रंगवलेले विमान पाहून काम उरकले आहे. दाराशेजारी खडूने घातलेला क्रमांक हा आणखी एक बारकावा. कोणत्या तुकडीने कोणत्या विमानात चढायचे ते त्यावरून कळे, आणि पुढे विमानभर सैनिकांच्या तुकडीलाच इंग्रजीत ‘चॉक’, म्हणजे खडू, म्हणू लागले.

नॉर्मंडी आणि आर्न्हेम

५ आणि ६ जून १९४४ च्या दरम्यानच्या रात्री ८०० हून अधिक सी-४७ विमानांनी सुमारे १३,००० अमेरिकी छत्रीधारी सैनिक नॉर्मंडीत उतरवले. चित्रकारांनी या विषयावर हात मोकळा सोडला आहे, पण विषय अडचणीचा आहे. पौर्णिमा होती हे खरे. तरी किनारा ओलांडताच विमाने ढगांत शिरली, खालून विमानभेदी मारा सुरू झाला, रांगा मोडल्या आणि माणसे ठरल्या जागेपासून कित्येक किलोमीटर दूर विखुरली. जे घडले ते अंधार आणि गोंधळ. जे विकले जाते ते चांदण्यात नीट रांगेने चाललेले थवे. बहुसंख्य चित्रे दुसऱ्या वाटेने जातात.

अल्बर्ट रिचर्ड्सचे तसे नाही. ब्रिटिश सरकारी युद्धचित्रकारांतला हा सर्वांत तरुण. तो आधी सैनिक होता, छत्रीने उडी मारायला शिकलेला, आणि नॉर्मंडीच्या त्या रात्री सहाव्या एअरबोर्न डिव्हिजनबरोबर त्याने स्वतः उडी घेतली. त्याच्या जलरंगांत विमानाचे खिळे मोजता येत नाहीत. तिथे ओल्या अंधारात पडलेल्या छत्र्या आहेत आणि दूरवर बॉम्बहल्ल्याचा उजेड आहे. विमान निघून गेल्यावर खाली उरलेल्या माणसाला जे दिसते ते हे. मार्च १९४५ मध्ये त्याची जीप सुरुंगावर गेली आणि वयाच्या पंचविशीत तो मारला गेला.

डकोटाच्या चित्रकारांना सर्वाधिक आव्हान देणारा प्रसंग नेदरलँड्समधील आर्न्हेमचा. १९ सप्टेंबर १९४४ रोजी फ्लाइट लेफ्टनंट डेव्हिड लॉर्ड केजी ३७४ क्रमांकाचा डकोटा घेऊन वेढ्यात अडकलेल्या ब्रिटिश तुकडीला रसद टाकायला आला. विमानभेदी गोळ्यांनी उजवे इंजिन पेटले. खाली येऊन त्याने संथ गतीने रसदीच्या टोपल्या टाकायला सुरुवात केली. फेरी संपल्यावर दोन टोपल्या राहिल्याचे कळले, तेव्हा जळत्या विमानानिशी वळून तो पुन्हा आला. दुसरी फेरी झाल्यावर त्याने सहकाऱ्यांना बाहेर पडायला सांगितले आणि काही क्षणांतच उजवा पंख मोडून पडला. आठ जणांपैकी दिशादर्शक हॅरी किंग तेवढा वाचला. टाकलेली रसद जर्मनांच्या हाती लागली. ती जागा आधीच शत्रूच्या ताब्यात गेल्याचे वर कुणाला ठाऊक नव्हते. लॉर्डला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस हा ब्रिटनचा सर्वोच्च शौर्यसन्मान मिळाला. आर्न्हेमच्या आधी तो लाहोरला ३१ व्या स्क्वाड्रनमध्ये होता आणि वायव्य सरहद्द ते ब्रह्मदेश अशी वाहतूक विमाने चालवण्यातच त्याचा हात तयार झाला होता.

चित्रकाराची पंचाईत अशी की आग उजव्या बाजूला आणि दार डाव्या बाजूला. डावीकडून पाहिले तर टोपल्या ढकलणारी माणसे दिसतात, पण आग धडामागे झाकली जाते. उजवीकडून पाहिले तर नुसते जळते विमान दिसते, ते हट्टाने का उडत आहे हे कळत नाही. म्हणून या प्रसंगासाठी समोरून किंवा वरून असा आडवळणाचा कोन घ्यावा लागतो. निवडलेल्या कोनावरूनच कळते की चित्रकाराला शौर्य रंगवायचे होते की काम.

स्टालिनग्राड

जर्मनांचे वाहतूक विमान म्हणजे युंकर्स यू-५२: तीन इंजिने आणि पन्हाळी पत्र्यासारखे अंग. त्या पत्र्याच्या रेघांवर उजेड कसा पडतो हे रंगवता रंगवता चित्रकार रडकुंडीला येतात. नोव्हेंबर १९४२ ते फेब्रुवारी १९४३ या काळात स्टालिनग्राडच्या वेढ्यात अडकलेल्या फौजेला हवाई मार्गाने जगवण्याच्या प्रयत्नात जर्मनीने सुमारे ४९० विमाने गमावली. त्यांत २६६ यू-५२ होती. या चित्रांत बहुधा बर्फ असते, पंख्यांनी उडवलेला भुगा असतो आणि दारापाशी जखमींची गर्दी असते. उड्डाण दाखवणारी चित्रे कमी, जमिनीवरची जास्त.

ब्रह्मदेश आणि हिमालय

१९४२ पासून आसामातील चबुआ, दिनजान, जोरहाट अशा तळांवरून चीनमधील कुनमिंगपर्यंत डोंगर ओलांडून माल पोचवला जाई. वैमानिक या मार्गाला ‘हंप’, म्हणजे उंटाचे मदार, म्हणत. युद्ध संपेपर्यंत जवळपास साडेसहा लाख टन माल तिकडे गेला आणि सहाशेच्या घरात विमाने पडली. स्वच्छ दिवशी खालच्या उतारांवर चमकणाऱ्या सांगाड्यांवरून वाट ओळखता येते, असे वैमानिक म्हणत. त्यांनी तिला ‘अॅल्युमिनियमची वाट’ असे नाव दिले होते. हंपच्या चित्रांत विमान मुद्दाम बारीक काढतात, नखाएवढे, आणि उरलेला कॅनव्हास डोंगर आणि ढग खाऊन टाकतात. विमानचित्रकलेत नायकाला इतके लहान करणे हे धाडसच. वूटनही युद्धाच्या अखेरीस भारत-ब्रह्मदेशात येऊन गेला होता.

व्हिएतनाममध्ये याच जुन्या विमानाच्या डाव्या खिडक्या-दारांतून तीन मशीनगन बसवून एसी-४७ तयार झाले. विमान डावीकडे कलून लक्ष्याभोवती घिरट्या घाली. रात्रीच्या काळोखात आकाशातून जमिनीपर्यंत ओतलेली तांबडी रेघ ही त्याच्या चित्रांची खूण ठरली. बाजू पुन्हा डावीच, फक्त दारातून येणारे सामान बदलले.

भारतीय विषय

२७ ऑक्टोबर १९४७ च्या सकाळी शीख रेजिमेंटच्या पहिल्या बटालियनचे जवान घेऊन डकोटा श्रीनगरला उतरले. हवाई दलाच्या विमानांबरोबर खासगी कंपन्यांचे डकोटाही या कामी जुंपले होते. या दिवसाची आठवण दरवर्षी पायदळ दिन म्हणून पाळली जाते. ज्यांनी पायदळाला तिथवर नेले त्यांचे नाव दिवसाला लागले नाही. त्या पहिल्या डकोटाचा व्हीपी ९०५ हा क्रमांक मात्र पुन्हा रंगवला गेला. आयर्लंडमध्ये भंगारात निघालेला एक डकोटा राजीव चंद्रशेखर यांनी दुरुस्त करवून हवाई दलाला भेट दिला आणि ४ मे २०१८ रोजी हिंडन तळावर तो ‘परशुराम’ या नावाने दाखल झाला. त्यांचे वडील हवाई दलात डकोटाच चालवत. परशुरामावर कोकणाचा आणि केरळचा सारखाच हक्क, त्यामुळे हे नाव चिपळूणकरांनाही परके वाटू नये.

२४ मे १९४८ चे लेहचे उड्डाण चित्रकाराने स्वतःहून मागून घ्यावे असे आहे. एअर कमोडोर मेहर सिंग यांनी जनरल थिमय्या यांना शेजारी बसवून, केबिनमध्ये हवेचा दाब राखण्याची सोय नसलेला डकोटा हिमशिखरांवरून नेला आणि सिंधूकाठी साडेदहा हजार फुटांहून अधिक उंचीवर, अभियंता सोनम नोरबू यांनी स्थानिकांकडून तयार करवून घेतलेल्या वाळूच्या पट्टीवर उतरवला. उघडे तपकिरी डोंगर, विरळ हवेतला कडक उजेड, काळ्या कुळकुळीत सावल्या: लडाखचे आकाश ज्याने पाहिलेले नाही त्याला हे चित्र जमत नाही, तो काश्मीरचेच निळे-हिरवे रंग लडाखवर फासतो.

११ डिसेंबर १९७१ रोजी बांगलादेशातील टांगाइलजवळ दुसऱ्या पॅरा बटालियनचे सुमारे ७०० जवान उतरले. ही बटालियन मूळची मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी. अँटोनोव्ह-१२, पॅकेट, कॅरिबू आणि डकोटा अशी सरमिसळ विमाने त्या संध्याकाळी आकाशात होती. त्यांत डाव्या दाराचा नियम मोडतो, कारण अँटोनोव्ह मागच्या अंगाने उघडते. जगभर छापून आलेले छायाचित्र मात्र त्या संध्याकाळचे नव्हते. ते आग्र्याच्या आधीच्या एका सरावाचे, आणि त्यातल्या छत्र्यांची गर्दी पाहून परदेशी वृत्तपत्रांनी आख्खी ब्रिगेड उतरल्याची बातमी दिली. छत्र्यांनी गच्च भरलेले ते आकाश आग्र्याचे. टांगाइलच्या आकाशात छत्र्या त्याहून विरळ होत्या, उजेड मावळतीचा होता आणि खाली गावकरी तळ्यांत पडलेले लष्करी सामान ओढून काठावर आणत होते.