रशियन क्रांती : कारणे आणि परिणाम

रशियन क्रांती : रशियातील झारशाही संपुष्टात आणून लेनिनच्या बोल्शेव्हिक या मार्क्सवादी पक्षाची राजवट प्रस्थापित करणारी १९१७ मधील घटनामालिका. रूढ अर्थाने या संज्ञेत त्या वर्षीचे फेब्रुवारी आणि ऑक्टोबरमधील दोन उठाव येतात. परंतु तिची मुळे १८६१ च्या भूदासमुक्तीपर्यंत (उमरावांच्या जमिनीला बांधलेल्या शेतकऱ्यांच्या मुक्तीपर्यंत) जातात आणि १९०५ ची क्रांती वगळून १९१७ चा उलगडा होत नाही. या नोंदीतील जानेवारी १९१८ पर्यंतच्या तारखा रशियात तेव्हा चालू असलेल्या जुन्या कालगणनेनुसार आहेत. विसाव्या शतकात ती आजच्या कालगणनेच्या १३ दिवस मागे असल्याने २५ ऑक्टोबर हा क्रांतिदिन पुढे ७ नोव्हेंबरला पाळला जाऊ लागला.

क्रिमियन युद्धातील (१८५३–५६) पराभवाने साम्राज्याचा मागासलेपणा उघडा पडल्यानंतर झार दुसरा अलेक्झांडर याने १८६१ मध्ये उमरावांच्या २ कोटींहून अधिक भूदासांना कायद्याने मुक्त केले. ही मुक्ती फुकट नव्हती. पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या जमिनीचा काही भाग अनेक ठिकाणी उमरावांकडेच राहिला आणि जी जमीन शेतकऱ्यांच्या वाट्याला आली, तिच्या मोलाचा मोठा हिस्सा सरकारने उमरावांना देऊन तो शेतकऱ्यांकडून ४९ वर्षांच्या हप्त्यांनी सव्याज वसूल करण्याचे ठरवले. हप्त्यांची जबाबदारी एकेका कुटुंबावर न ठेवता ‘मीर’ या ग्रामसमाजावर सामूहिकपणे टाकण्यात आली. त्यामुळे मीरच्या संमतीवाचून गाव सोडणे शेतकऱ्याला अवघड झाले. ‘आम्ही तुमचे, पण जमीन आमची’ अशी भूदासांमध्ये धन्याला उद्देशून म्हण होती. जमीन कसणाऱ्याची, ही त्यामागची धारणा मुक्तीनंतर विरली तर नाहीच, उलट अन्यायाच्या जाणिवेने ती अधिक तीव्र झाली. पुढील अर्धशतकात खेड्यांतील लोकसंख्या झपाट्याने वाढली आणि माणशी जमीन घटत गेली. १८९१-९२ च्या दुष्काळात आणि त्यासोबतच्या साथींत सुमारे ४ लाख माणसे दगावली. १८९७ च्या जनगणनेनुसार साम्राज्याची लोकसंख्या सुमारे १२ कोटी ५६ लाख होती. तीत तीन चतुर्थांशांहून अधिक लोक शेतकरी वर्गातले होते आणि साक्षरता जेमतेम २१ टक्के होती. क्रांतीची कारणे शोधताना कारखान्यांकडे आणि पक्षांकडे प्रथम लक्ष जाते, परंतु सर्वांत जुना आणि सर्वांत खोल प्रश्न जमिनीचाच होता.

अर्थमंत्री सेर्गेई विटे याच्या काळात (१८९२–१९०३) परकीय भांडवल, सैबेरियन लोहमार्ग आणि सरकारी प्रोत्साहन यांच्या बळावर उद्योग वेगाने वाढले. कामगारांची संख्या एकूण लोकसंख्येच्या मानाने थोडी होती. पण ते सेंट पीटर्झबर्गमधील पुतिलोवसारख्या प्रचंड कारखान्यांत एकवटलेले होते. त्यांच्यापैकी अनेकांचे नाते अजून गावाशी आणि तिथल्या जमिनीशी टिकून असल्याने खेड्यातील असंतोष शहरात पोहोचायला वेळ लागत नसे. कामगार संघटना आणि राजकीय पक्ष या दोन्हींवर बंदी असल्यामुळे गाऱ्हाणे मांडण्याचा सनदशीर मार्ग मात्र कोणालाच उपलब्ध नव्हता.

जपानबरोबरच्या युद्धात पराभव होत असताना ९ जानेवारी १९०५ रोजी गेऑर्गी गापोन या धर्मगुरूच्या नेतृत्वाखाली हजारो कामगार झारच्या तसबिरी आणि धर्मचिन्हे हाती घेऊन अर्ज देण्यासाठी राजवाड्याकडे निघाले. सैन्याने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. या ‘रक्तरंजित रविवारा’ने माणसांबरोबरच झार हा प्रजेचा पिता असल्याच्या श्रद्धेचाही बळी घेतला, आणि ही हानी राजवटीला पुढे कधीच भरून काढता आली नाही. संप, शेतकऱ्यांचे उठाव आणि ‘पोत्योम्किन’ या युद्धनौकेवरील बंड यांमुळे झार दुसरा निकोलस याला ऑक्टोबरमध्ये नागरी हक्कांची आणि द्यूमा या प्रतिनिधिगृहाची घोषणा करावी लागली. जमिनीचे हप्तेही १९०७ पासून रद्द झाले. पण पहिल्या दोन द्यूमा अल्पावधीत बरखास्त करून जून १९०७ मध्ये मतदानाचे नियमच उमरावांना अनुकूल असे बदलण्यात आले. पंतप्रधान स्टोलिपिन याने शेतकऱ्यांना मीरमधून बाहेर पडून स्वतंत्र धारक होण्याची मुभा दिली. तथापि १९११ मध्ये त्याची हत्या झाली आणि या सुधारणेला फळ येण्याइतका अवधी मिळाला नाही. या पीछेहाटीच्या वर्षांत परदेशी आश्रय घेतलेल्या लेनिनने १९०८ मध्ये, लोकमान्य टिळकांच्या शिक्षेविरुद्ध मुंबईच्या गिरणी कामगारांनी केलेल्या संपाची लेख लिहून दखल घेतली, हे मराठी वाचकाने येथे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

पहिल्या महायुद्धात दीड कोटीच्या आसपास पुरुष सैन्यात ओढले गेले. ऑगस्ट १९१५ मध्ये निकोलसने सरसेनापतिपद स्वतःकडे घेतल्यामुळे प्रत्येक पराभवाचा दोष थेट त्याच्यावर येऊ लागला आणि राजधानीतील कारभार, रास्पुतीन या साधूच्या प्रभावाखालील राणीमुळे, अधिकच संशयास्पद ठरला. देशात धान्य होते, पण युद्धसामग्रीच्या ओझ्याखाली रेल्वे कोलमडली होती आणि चलनफुगवट्यामुळे शेतकरी धान्य बाजारात आणीनासा झाला होता. २३ फेब्रुवारी १९१७ रोजी, महिला दिनी, पेत्रोग्राडच्या (सेंट पीटर्झबर्गचे १९१४ पासूनचे नाव) व्हिबोर्ग भागातील कापड गिरण्यांतील स्त्रिया भाकरीसाठी रस्त्यावर उतरल्या. चार दिवसांनी शहरातील फौजच त्यांच्या बाजूला गेली. २ मार्चला निकोलसने पदत्याग केला आणि रोमानोव्ह घराण्याची तीन शतकांची सत्ता आठवड्याभरात कोसळली.

त्यानंतर अधिकार हंगामी सरकारकडे, तर सैनिक-कामगारांची निष्ठा सोव्हिएट या त्यांच्या प्रतिनिधींच्या परिषदेकडे, अशी दुहेरी सत्ता निर्माण झाली. हंगामी सरकारने नागरी स्वातंत्र्य आणि स्त्रियांना मताधिकार दिला. मात्र युद्ध चालूच ठेवले आणि जमिनीचा निर्णय संविधान सभेवर सोपवला. शेतकऱ्यांनी वाट पाहिली नाही. उन्हाळ्यापासूनच ते उमरावांच्या जमिनी ताब्यात घेऊ लागले आणि ही बातमी कानी येताच सैनिक खंदक सोडून घराकडे वळले. ऑगस्टमधील सेनापती कोर्निलोव्हचे बंड फसल्यावर पंतप्रधान केरेन्स्की एकाकी पडला, तर ‘शांतता, जमीन, भाकरी’ मागणारे बोल्शेव्हिक पेत्रोग्राड आणि मॉस्कोच्या सोव्हिएटांत बहुमतात आले. २५ ऑक्टोबरला त्यांनी सत्ता हाती घेतली. दुसऱ्याच दिवशीच्या भूमिविषयक हुकुमाने जमिनीवरील खाजगी मालकी विनामोबदला रद्द केली. या हुकुमाचा गाभा शेतकऱ्यांच्या २४२ स्थानिक मागणीपत्रांवरून तयार झालेला होता. मात्र संविधान सभेच्या निवडणुकीत सर्वाधिक मते शेतकऱ्यांत रुजलेल्या समाजवादी क्रांतिकारक पक्षाला मिळाली आणि बोल्शेव्हिकांना सुमारे एक चतुर्थांश. ५ जानेवारी १९१८ रोजी भरलेली ही सभा एका बैठकीनंतर बंद पाडण्यात आली. बहुपक्षीय शासनाची शक्यता तेथेच मावळली.

मार्च १९१८ च्या ब्रेस्त-लितोव्ह्स्क तहाने रशिया मोठा भूप्रदेश गमावून युद्धाबाहेर पडला. बोल्शेव्हिक आणि त्यांचे विरोधक यांच्यातील यादवी युद्धात शहरे व बोल्शेव्हिकांची लाल सेना पोसण्यासाठी खेड्यांतून धान्य सक्तीने उचलले गेले. पेत्रोग्राडची वस्ती एक तृतीयांशापेक्षाही कमी उरली. तांबोव्हचे शेतकरी आणि क्रोनश्टाटचे खलाशी बंड करून उठले, तेव्हा ही बंडे चिरडतानाच सरकारने १९२१ मध्ये सक्तीऐवजी धान्यकर आणि मर्यादित खुला व्यापार स्वीकारला. तोवर उशीर झाला होता. १९२१-२२ च्या दुष्काळाने सुमारे ५० लाख बळी घेतले. याच राजवटीत साक्षरतेची मोहीम निघाली आणि १९३९ पर्यंत बहुसंख्य जनता लिहू-वाचू लागली. स्त्रियांना विवाह व घटस्फोटात समान हक्क मिळाले. फिनलंड, पोलंड आणि बाल्टिक देश स्वतंत्र झाले. उरलेल्या बहुतेक साम्राज्यातून डिसेंबर १९२२ मध्ये सोव्हिएट संघ उभा राहिला.

शेतकऱ्याच्या हाती आलेली जमीन फार काळ टिकली नाही. १९२९ पासून स्टालिनने सामुदायिक शेती सक्तीने लादली. १९३०-३१ या दोन वर्षांत सुमारे १८ लाख लोकांना ‘कुलाक’, म्हणजे श्रीमंत शेतकरी, ठरवून हद्दपार करण्यात आले आणि १९३२-३३ च्या दुष्काळात, विशेषतः युक्रेन व कझाकस्तानात, ५० लाखांहून अधिक माणसे मेली. डिसेंबर १९३२ मध्ये देशांतर्गत पारपत्र सुरू झाले, पण सामुदायिक शेतांवरील बहुसंख्य शेतकऱ्यांना ते नाकारले गेले. त्यामुळे १८६१ नंतर मीरच्या संमतीवाचून गाव सोडू न शकणाऱ्या शेतकऱ्याच्या नातवंडांना आता शेतसंस्थेच्या संमतीची गरज पडू लागली. पारपत्राचा हक्क त्यांना १९७४ च्या निर्णयाने मिळाला.