पू नेमका कुठे लपलाय?

'कुठे दुखतंय?' हा डॉक्टरांचा पहिला प्रश्न. व्हेंटिलेटरवर गुंगीत असलेल्या रुग्णाला नेमका तोच विचारता येत नाही. ताप उतरत नाही, पांढऱ्या पेशी वाढलेल्या, रक्ताच्या कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून पाहायच्या चाचणीत, काही उगवत नाही. अँटिबायोटिक बदलून झाले. पण आत कुठे पू साचला असेल, तर नुसत्या औषधाने भागत नाही. सुई किंवा नळी घालून तो काढावा लागतो. त्यासाठी आधी जागा कळायला हवी.

सुरुवात साध्या सोनोग्राफीने. मशीन ढकलत खाटेपाशी आणता येते, हे तिचे मोठेपण. आयसीयूत बरेच दिवस काढलेल्यांचे पित्ताशय एकही खडा नसताना सुजते, ते बहुधा तिच्यामुळेच कळते. आतड्यांमधले गळू मात्र पोटातल्या वायूआड दडते. तिथे सीटी स्कॅन लागतो.

सीटी आकारातला बिघाड दाखवतो. पेट स्कॅन वेगळेच विचारतो: साखर कोण जास्त खातंय? जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी ग्लुकोजवर तुटून पडतात. म्हणून किरणोत्सारी फ्लोरिन-18 जोडलेली साखर, म्हणजे एफडीजी, शिरेतून देतात. पेशी ती आत घेतात, पण पुढे पचवू शकत नाहीत. साखर तिथेच अडकते आणि तासाभराने ती जागा चमकते. माणसाला एफडीजी पहिल्यांदा दिले गेले ऑगस्ट 1976 मध्ये, फिलाडेल्फियात, मेंदू पाहण्यासाठी. ते न्यूयॉर्क राज्यातल्या ब्रुकहेव्हन प्रयोगशाळेतून विमानाने आणावे लागले होते, कारण दर 110 मिनिटांनी त्याचा किरणोत्सार निम्मा होतो. असे फ्लोरिन-18 जवळच बनवणारे यंत्र, म्हणजे वैद्यकीय सायक्लोट्रॉन, मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये आले ते 2002 साली.

गोम अशी, की चमकतात त्या पेशी, जंतू नव्हेत. ऑपरेशनची ताजी जखमही चमकते, कर्करोगाची गाठही. मेंदू आणि मूत्राशय तर नेहमीच चमकतात. त्यात आयसीयूतल्या रुग्णाची रक्तशर्करा बऱ्याचदा चढलेली. ती उतरवायला ऐनवेळी इन्सुलिन दिले, की एफडीजी स्नायूंकडेच वळते.

माझ्या मते खरी अडचण वाटेतली आहे. व्हेंटिलेटर, औषधांचे पंप, मॉनिटर घेऊन लिफ्टने खाली जायचे, तिथे तास-दीड तास काढायचा. रक्तदाब डळमळीत असेल, तर हा प्रवासच जिवावर बेतू शकतो.

आणि कधी एवढे करून स्कॅनमध्ये काहीच चमकत नाही. तेही फुकट जात नाही. मग डॉक्टर औषधांचा तक्ता पुन्हा वाचतात, कारण ताप कधी कधी त्या अँटिबायोटिकमुळेच आलेला असतो.